तिळाभोवतीचा इसब

पासपोर्टच्या अर्जात शरीरावरच्या ओळखखुणेचा एक रकाना असतो. आपल्याकडे बहुतेकांच्या त्या रकान्यात एखादा तीळ असतो. हनुवटीवरचा, मानेवरचा, मनगटाजवळचा. मीही मनगटाजवळचाच लिहिला होता. त्याहून मोठा तीळ माझ्या पाठीवर आहे, डाव्या खवाट्याखाली, मसुराच्या दाण्याएवढा आणि बोटाला जाणवेल इतका उंच. पण तो मला सुचला नाही, कारण मी तो पाहिलेलाच नव्हता. तो आईच्या ओळखीचा होता. दिवाळीच्या पहाटे पाठीला तेल चोळताना तिचा हात तिथे आला की ती अंगठ्याचा जोर कमी करायची. आई गेल्यावर माझ्या पाठीची माहिती कुणाकडेच उरली नाही.

गेल्या थंडीत तिथे खाज सुटली. आधी वाटलं लोकरीचा ब्लाऊज टोचतोय, मग वाटलं साबण बदलला म्हणून असेल. हात पुरत नाही अशा जागी खाज सुटली की माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासतो, तसं मीही केलं. ज्या संवेदनेने खाजवावंसं वाटतं ती खाज, अशी व्याख्या १६६० मध्ये साम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने केली. त्वचारोगाची पुस्तकं अजूनही तीच सांगतात, कारण तिच्यात खाजेचा सगळा त्रास आला आहे. दुखलं की आपण हात मागे घेतो. खाज मात्र हाताला बोलावते, आणि हात गेला की जागा आणखी बिघडते.

धाकटी बहीण रात्री मुक्कामाला होती. तिने पाठ पाहिली आणि म्हणाली, “ताई, तुझ्या तिळाभोवती लाल झालंय गं.” तिने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. मध्यभागी तपकिरी तीळ आणि त्याच्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढं लालसर, खवल्याखवल्यांचं, कडेला थोडंसं ओलसर वर्तुळ. पाठीवरचे बाकीचे तीळ जसेच्या तसे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा तो तीळ पाहत होते, आणि तोही अशा अवस्थेत. पोटात गोळा आला. तिळाचा आकार बदलला, रंग बदलला, त्याला खाज सुटली तर दुर्लक्ष करू नये, हे कुठे ना कुठे वाचलेलं असतंच.

घरात अशी गोष्ट फुटली की उपाय चारी दिशांनी येतात. तीळ, मस, चामखीळ यांच्यासाठी आपल्याकडे घरगुती उपायांची मोठी परंपरा आहे. लोंबत्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधायचा, म्हणजे ती वाळून गळते. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून काडीने लावायचा. कोकणात काजूच्या बोंडूवरच्या बीच्या टरफलातलं तेल, घाटावर बिब्बा. मावशीचा फोन आला तो बिब्ब्याचाच सल्ला घेऊन. तिच्या काळजीत खोट नव्हती. तिच्या माहेरी पायात काटा मोडला, टाच भेगाळली तर बिब्बाच लावत, आणि बिब्ब्याने बऱ्या झालेल्यांच्या आठवणीही तिच्याकडे भरपूर होत्या.

बिब्बा उतणं म्हणजे काय हे मात्र ज्याने पाहिलं आहे तो विसरत नाही. बिब्ब्याच्या फळाच्या सालीत काळं, दाट, जहाल तेल असतं. ते लागलेल्या जागी कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि पुष्कळांना एकदोन दिवसांत तिथून पुढे पसरत जाणारा भयंकर खाजरा इसब उठतो. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेलही असंच. टरफल फोडणाऱ्या बायकांची बोटं त्या तेलाने काळी पडतात आणि सोलवटतात. आता विचार करा. तिळाभोवती आधीच इसब उठलेला आहे. त्यावर बिब्ब्याचा डाग दिला, तर डॉक्टरांसमोर जे येईल त्यात मूळचं किती आणि बिब्ब्याचं किती हे सांगणं कुणाला जमेल? ज्या तिळाकडे नीट पाहण्याची गरज आहे, नेमका तोच जळून जातो.

दुसरा उपाय औषधाच्या दुकानातून आला. नातेवाइकांपैकी एक जण संध्याकाळी परतताना ट्यूब घेऊन आले. त्यांनी फक्त “लाल झालंय, खाजतंय” एवढंच सांगितलं होतं आणि दुकानदाराने चिठ्ठी न मागता ती काढून दिली होती. ट्यूबवर चार औषधांची नावं होती. त्यातलं एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीवरचं, दोन जंतूंवरची. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, आणि तरी ट्यूब मिळते. या मिश्र मलमांनी या देशातल्या माणसांच्या कातडीचं किती नुकसान केलं आहे हे कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीत तासभर बसलं तरी दिसेल. जांघेतला नायटा स्टेरॉइडने दोन दिवस शांत होतो, मग आतल्या आत पसरत मांडीभर, पोटभर जातो, आणि त्याची ओळखीची कडाच पुसली गेल्याने तो नायटा आहे हेही कळेनासं होतं. गोरं होण्यासाठी तीच मलमं चेहऱ्यावर लावणाऱ्या मुलींची कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते. या गोष्टीचा मला मनापासून राग आहे. ट्यूब मी उघडली नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिळावर तेलाचा थेंब टाकला आणि हातात मावणारं, आत दिवा असलेलं भिंग त्यावर टेकवलं. या उपकरणाला डर्मोस्कोप म्हणतात. त्याने कातडीच्या पृष्ठभागावरची चकाकी बाजूला सरते आणि खालच्या थरांतल्या रंगाची जाळी दिसते. तिळात ती जाळी कशी पसरली आहे, दोन्ही बाजूंना सारखी आहे की एका कडेला तुटली आहे, त्यावरून बरंच काही ठरवता येतं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तीळ जसा होता तसाच आहे. त्याच्याभोवती इसब उठलाय, बस.” त्यांनी विचारलं, अंगावर आधी कधी इसब होता का, दमा, नाकाची ॲलर्जी? नव्हती. असं होतं कधी कधी, त्या म्हणाल्या, आणि याला नाव आहे.

नाव एका माणसाचं आहे. १९७१ मध्ये लॉरेन्स मेयरसन या अमेरिकी डॉक्टरांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात मोजक्या रुग्णांचं वर्णन लिहिलं. त्यांच्या अंगावर पुष्कळ दिवसांचे तीळ होते आणि त्यांतल्या काहींभोवती अचानक खाजरी, लाल, खवलेदार कडी उठली होती. साध्या स्टेरॉइड मलमाने ती कडी गेली आणि तीळ होते तिथेच राहिले. तेव्हापासून अशा तिळाला मेयरसनचा तीळ म्हणतात. पुढे डॉक्टरांना हेच कडं तिळाशिवाय इतर निरुपद्रवी वाढींभोवतीही दिसू लागलं. उतारवयात पाठीवर, छातीवर येणारे तपकिरी, मेणासारखे चिकटलेले मस, पायांवरच्या टणक गाठी, लहान मुलांच्या अंगावर विषाणूने येणारे मोलस्कमचे मोत्यासारखे दाणे, यांच्याभोवतीही. तरुण माणसांत, विशेषतः पुरुषांत, आणि अंगाच्या मधल्या भागावर ते जास्त आढळतं. काही जणांना कडक उन्हानंतर, काहींना हिपॅटायटिससाठी इंटरफेरॉन हे औषध चालू असताना असं झालेलं नोंदलं आहे. पण बहुतेकांना काहीच निमित्त सापडत नाही. एका पाठीवर वीस तीळ असतील तर त्यांतल्या एकालाच हे का व्हावं, याचं समाधानकारक उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र स्वच्छ असतं. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या फटींत द्रव साचतो, पेशी एकमेकींपासून ओढल्या जातात, आणि रक्तातून आलेल्या लसिकापेशी तिथे गोळा होतात. हुबेहूब इसबाचं चित्र. या लसिकापेशींमध्ये बहुसंख्य असतात त्या इतरांना इशारा देणाऱ्या, ज्यांना वैद्यकात मदतनीस पेशी म्हणतात. तिळाच्या पेशींना त्या हात लावत नाहीत. गल्लीत ज्याच्या दारासमोर गलका उठावा तो माणूस आत शांतपणे जेवत असावा, तसा तो तीळ.

मला हे ऐकून आधी हायसं वाटलं. मग त्याच विषयात आणखी वाचत गेले तेव्हा कळलं की तिळाभोवतीचं प्रत्येक कडं असं नसतं. मेयरसनच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, रिचर्ड सटन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी तिळाभोवतीच्या पांढऱ्या कड्याचं वर्णन केलं होतं. इथे खाज नाही, खवले नाहीत. तिळाभोवतीची कातडी हळूहळू पांढरी पडत जाते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत मधला तीळच विरून जातो. इथे गोळा होतात त्या मारक पेशी. त्या तिळातल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर थेट चालून जातात, आणि जाताजाता भोवतालच्या कातडीतला रंगही नेतात. तीळ गेल्यावर पुष्कळदा त्या जागी रंग परत भरतो, पण त्याला वेळ लागतो.

हे पांढरं कडं बहुतेक करून दहा-अकरापासून विशीपर्यंतच्या मुलामुलींना, पाठीवर येतं. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीच्या पाठीवर पांढरा डाग दिसला की घराचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. कोड. हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नाही, स्थळं बघताना तर नाहीच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट केला, त्यात कोड असलेली नायिका डॉक्टर आहे, आणि लग्नाच्या निमित्ताने एका सुशिक्षित कुटुंबातल्या प्रत्येकाचा त्या डागांशी संबंध येतो. तो पाहताना मला वाटलं होतं की हे कुटुंब मी ओळखते. सटनच्या कड्यावाल्या मुलांपैकी काहींना पुढे कोड येतोही, पण बहुतेकांना येत नाही. आणि आला तरी तो स्पर्शाने लागत नाही, त्याने जीव जात नाही. तरीही त्या मुलीला उघड्या गळ्याचा ब्लाऊज घालू देत नाहीत, पोहायला पाठवत नाहीत, आणि डॉक्टरकडे नेलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर नेतात. एका तिळाच्या विरण्याची ही केवढी किंमत.

तिसरं कडं लहान मुलांचं. मोलस्कमचे दाणे बगलेत, मांडीवर, कमरेभोवती येतात, वर्ष-दीड वर्ष रेंगाळतात, आणि मग एक दिवस त्यांतले काही लाल होतात, सुजतात, भोवती इसब उठतो. आई घाबरते, जंतुसंसर्ग झाला म्हणून प्रतिजैविकं मागते. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग नसतोच. इतके महिने कातडीच्या वरच्या थरात लपून राहिलेल्या विषाणूची शरीराला अखेर खबर लागलेली असते, आणि ती सूज म्हणजे दाणे जाण्याच्या बेतात असल्याची खूण असते. बालरोगतज्ज्ञ हे आईला समजावतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास असतो. बरं होताना अंग आधी वाईट दिसतं, हे पोटच्या पोराच्या बाबतीत पटणं फार कठीण.

म्हणजे एका कड्यात मधली गोष्ट तशीच राहते, दुसऱ्यात ती शरीर नाहीशी करतं, तिसऱ्यात ती जाण्याच्या बेतात असते. तिन्ही वेळा निमित्त एकच, आपल्याच अंगावर वाढलेली एक छोटीशी निरुपद्रवी वाढ. यात मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पहिल्याने. माणसाच्या अंगावरचे बहुतेक तीळ जन्मतः नसतात. शंभरातल्या एखाद्याच बाळाला जन्मतः तीळ असतो. बाकीचे लहानपणी आणि तरुणपणी येतात, आपल्याबरोबर मोठे होतात, उतारवयात त्यांतले काही फिके होऊन निघूनही जातात. तीसचाळीस वर्षं शरीराने ज्याला आपलं मानलं, त्याच्याभोवती एका थंडीत अचानक इतकी अस्वस्थता का यावी? आणि ती येऊनही त्याला धक्का न लावता का निघून जावी? मी हा प्रश्न डॉक्टरांना विचारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आम्हालाही तो पडतो.” उत्तर नसताना उत्तर दिल्याचा आव न आणणारे डॉक्टर मला फार मोठे वाटतात.

शरीराच्या व्याधींची भली मोठी यादी समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात, आध्यात्मिक तापाच्या समासात दिली आहे. खरूज, खवडे, पुळ्या, नारू, नखुरडं, देवी, गोवर. काहीच त्यांनी क्षुल्लक म्हणून सोडलेलं नाही. मला तो समास त्यासाठीच आवडतो. जी खाज रात्री झोपू देत नाही ती त्या रात्रीपुरती माणसाचं सगळं मन व्यापते, आणि ज्याला ती नाही त्याला ती कळत नाही. साध्या त्वचारोगाला आपण साधं म्हणतो ते दुसऱ्याच्या अंगावर असतो तोवर.

मला मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम दिलं गेलं, एकच औषध असलेलं, ठरावीक दिवसांसाठी, त्यातही किती लावायचं ते सांगून. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळहातांच्या जागेला पुरतं. माझ्या नाण्याएवढ्या जागेला त्याचा कणभरच लागणार होता. लावायचं काम बहिणीने आणि नंतर भाचीने केलं. ज्या स्टेरॉइडवर मी मघाशी इतकी चिडले, त्यानेच मला बरं केलं, हे सांगायलाच हवं. औषध वाईट नाही. न पाहता, न ओळखता, चार औषधांच्या मिश्रणात, मुदतीशिवाय देणं वाईट आहे.

डॉक्टरांनी एक अट घातली होती, लाली गेली की परत येऊन तीळ दाखवायचा. इसबाच्या खवल्यांखाली रंगाची जाळी नीट दिसत नाही, म्हणून कडं गेल्यावर भिंगाखाली पुन्हा पाहणं हा उपचाराचाच भाग असतो. कडं मलमाने गेलंच नाही, किंवा तीळच बदललेला दिसला, तर तो काढून तपासायला पाठवतात. फार क्वचित का होईना, त्वचेच्या कर्करोगाभोवतीही असा इसब उठल्याच्या नोंदी आहेत. माझं कडं गेलं, कातडी काही दिवस जराशी काळपट राहिली, आणि तीळ भिंगाखाली पूर्वीसारखाच निघाला.

जे इसबासारखं दिसतं ते प्रत्येक वेळी इसबच असतं असं नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. लंडनचे शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये अशा स्त्रियांची हकिगत लिहिली, ज्यांच्या एका स्तनाग्रावर बरा न होणारा इसबासारखा चट्टा होता आणि पुढे त्याच स्तनात कर्करोग निघाला. दोन्ही बाजूंना येणारा आणि मलमाने जाणारा चट्टा बहुतेक इसबाचाच. एकाच बाजूचा, महिनोन्‌महिने न हटणारा असेल तर तो दाखवलाच पाहिजे, आणि आपल्या बायका नेमकं तेच लाजेपोटी लपवतात. काळ्यासावळ्या कातडीत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग कमी होतो हे खरं. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी, तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. बॉब मार्ले या गायकाला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला आणि १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मार्ले गेला. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या टाचेवर काळा डाग आला तर तो काटा मोडल्याचा, ठेच लागल्याचा म्हणून वर्षभर राहतो, आणि त्यावरही बिब्बाच लागतो.

म्हणून एक विनंती. घरातल्या माणसांच्या पाठी, तळपाय, नखं अधूनमधून पाहत जा; म्हाताऱ्यांची तर नक्कीच, कारण त्यांना वाकून पाहता येत नाही आणि ती सांगायला संकोचतात. कुठल्या तिळाभोवती, मसाभोवती लाल किंवा पांढरं कडं दिसलं तर फोटो काढून तारीख लिहून ठेवा, आणि बिब्बा, चुना, ब्लेड, केस, शेजारच्यांची ट्यूब यांतलं काहीही न लावता दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, केसपेपर काढून तिथे दाखवता येतं. बहुतेक वेळा काही निघणार नाही. जेव्हा निघेल तेव्हा ते वेळेत कळलेलं असेल.